फ्रिजवरचा चौथा कागद

२०२५ च्या जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातल्या एका दुपारी मी स्वयंपाकघरात भडंगासाठी लसूण सोलत बसले होते, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या खोलीतून मुलाने मला व्हॉट्सॲपवर त्याच्या कॉलेजच्या फुटबॉल संघाचे यंदाच्या मोसमाचे वेळापत्रक पाठवले. जिना उतरून खाली येण्यापेक्षा हा मार्ग त्याला जवळचा वाटतो, आणि त्याबद्दल बोलणे मी केव्हाच सोडून दिले आहे. सतरा सामने, त्यांच्या आधी ऑगस्टच्या अखेरीस एक सराव सामना, घरच्या मैदानावरचे सामने रंगीत पट्टीत, कॉन्फरन्समधल्या, म्हणजे ज्या कॉलेजांच्या गटात आम्ही खेळतो त्यातल्या, सामन्यांपुढे चांदणी. हे वेळापत्रक कॉलेजच्या संकेतस्थळावर सकाळीच लागले होते आणि माझे ते दोनदा वाचूनही झाले होते, हे मी त्याला कळू दिले नाही. खाली त्याने एक ओळ लिहिली होती : ‘आई, या वर्षी सगळ्या मॅचना यायलाच पाहिजे असं काही नाही.’

सोललेला लसूण तसाच राहिला आणि मी ती ओळ बराच वेळ पाहत बसले.

हा त्याचा चौथा आणि शेवटचा मोसम आहे. २०२२ साली तो पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान कॉलेजात गेला, तेव्हापासून दर उन्हाळ्यात मी त्याच्या संघाचे वेळापत्रक कागदावर छापून घेते आणि फ्रिजच्या दाराला चुंबकाने लावते. जुना कागद काढायचा नाही, नवा त्याच्यावरच चढवायचा, असे करत तीन वर्षांचे तीन कागद तिथे साठले आहेत. त्यांच्या शेजारी खिळ्याला कालनिर्णय लटकते. वेळापत्रक हाती आले की मी पहिल्यांदा या दोन्हींचा मेळ घालते. यंदा अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला, शनिवारी येते, म्हणजे गणपती सकाळी लवकर उठवावे लागणार. पाडवा २२ ऑक्टोबरचा, बुधवार, आणि त्या संध्याकाळी सात वाजता परगावी सामना. कॉन्फरन्समधले सामने बहुधा बुधवारी आणि शनिवारी असतात, त्यामुळे दिवाळीतला एखादा दिवस तरी सापडतोच. योम किप्पूर, ज्यूंचा उपासाचा मोठा सण, यंदा १ ऑक्टोबरच्या संध्याकाळी सुरू होतो, तो मात्र वेळापत्रक आखणाऱ्यांनी ध्यानात धरला आहे आणि त्या आठवड्यातला सामना मंगळवारी घेतला आहे. पाडव्याचे कुणी का पाहिले नाही, असा प्रश्न एका मैत्रिणीने मला विचारला. मला त्याचा राग येत नाही. एकतीस जणांच्या संघात आमचे एकच घर पाडव्याचे आहे, आणि खरे सांगायचे तर थर्मासमधला चहा आणि डब्यातली करंजी घेऊन दिव्यांच्या प्रखर उजेडात बसलेला पाडवा मला घरातल्या पाडव्याहून वाईट वाटलेला नाही.

ज्यांनी असे वेळापत्रक कधी पाहिले नाही त्यांना ती तारखांची कोरडी यादी वाटेल. मलाही पहिल्या वर्षी वाटली होती. नऊ सामने कॉन्फरन्समधल्या नऊ संघांशी ठरलेलेच असतात, त्यात कुणाचे काही चालत नाही. प्रशिक्षकाची खरी कसरत उरलेल्या सामन्यांत असते. एक वर्ष तुम्ही आमच्याकडे या, पुढच्या वर्षी आम्ही तुमच्याकडे येऊ, असा करार दोन प्रशिक्षक फोनवर करतात आणि तो दोन-दोन वर्षे आधी झालेला असतो. फार बलाढ्य संघ बोलावले तर सप्टेंबरातच पोरांचे खांदे पडतात. दुबळे बोलावले तर नोव्हेंबरात हिशेब अंगाशी येतो. आमच्या गोलरक्षकाचे वडील हिशेबनीस आहेत आणि ते हा सगळा जमाखर्च फोनवर बाळगून असतात. कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकणाऱ्याला राष्ट्रीय स्पर्धेत थेट जागा मिळते, बाकीच्या जागांसाठी २०२४-२५ पासून एनसीएए या कॉलेज-खेळांच्या संघटनेच्या तिसऱ्या विभागात, ज्यात आमचे कॉलेज खेळते त्यात, एनपीआय नावाचा निर्देशांक लावतात, आणि त्यात विजयांबरोबरच प्रतिस्पर्धी किती तगडे होते यालाही मोल असते, हे मला त्यांनीच मैदानाच्या कडेला उभे राहून समजावले. त्यांच्या मते सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारचा परगावचा सामना हा संपूर्ण मोसमाची किल्ली आहे. मी मान डोलावली. माझे लक्ष त्या सामन्याच्या वेळेकडे होते, कारण परतीच्या रस्त्यावर संध्याकाळी रस्ते-दुरुस्तीची रांग लागते.

कागदावरची वेळ आणि प्रत्यक्षातली वेळ यांचेही फारसे सख्य नसते. ऑक्टोबरच्या आधी ढग गडगडले की पंच शिट्टी वाजवून सगळ्यांना आत पिटाळतात आणि शेवटच्या विजेनंतर अर्धा तास पूर्ण गेल्याशिवाय चेंडू हलत नाही. मध्येच पुन्हा गडगडले तर अर्धा तास पुन्हा पहिल्यापासून. अशा वेळी आम्ही आईबाप आपापल्या गाड्यांत बसून काचेवरचे पाणी पाहतो. गेल्या वर्षी असाच दीड तास गेला, आणि त्या दीड तासात शेजारच्या गाडीतल्या बाईने खिडकी खाली करून माझ्याकडे भडंग मागितले. त्या भडंगाची कीर्ती आता संघाच्या बाहेरही गेली आहे. सामना संपला की आळीपाळीने एकेका घराने पोरांच्या खाण्याचे टेबल लावायचे असते. मांसाची सँडविचेस, पास्त्याच्या ॲल्युमिनियमच्या पराती, केक. पहिल्या वर्षी मी भीतभीत मोठ्या स्टीलच्या डब्यातून भडंग नेले, लसूण आणि तिखट हात राखून घातलेले. पंधरा मिनिटांत डबा रिकामा झाला आणि एक उंच बचावपटू तळाशी उरलेले शेंगदाणे वेचून खात होता. दुसऱ्या वर्षापासून मी हात राखणे बंद केले.

या फुटबॉलचे मला इतके काय वाटते, हे सांगायचे तर कोल्हापूरला जावे लागते.

आमचे घर मंगळवार पेठेत, म्हणजे पाटाकडील तालमीच्या गोतावळ्यात. शिवाजी पेठेत दिलेली आमची आत्या सामन्याच्या दिवशी माहेरी येत नसे, यावरून काय ते समजावे. तालमी कुस्तीच्या, पण गावाचा जीव फुटबॉलवर, संघही तालमींचेच, आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत शाहू स्टेडियमवर सामने चालत. माझे वडील, अप्पा, वर्तमानपत्रातले सामन्यांचे वेळापत्रक कात्रीने कापून, भाताची खळ लावून, माजघराच्या दाराच्या मागच्या बाजूला चिकटवत. ते वाचायचे काम माझे असे, कारण अप्पांचा चष्मा बहुतेक वेळा सापडत नसे. आज कोणाचा कोणाशी, किती वाजता, हे मी मोठ्याने वाचून दाखवत असे. मग दुपारी अप्पा माझ्या धाकट्या भावाला सायकलच्या दांडीवर बसवून जात आणि मी गच्चीवर जात असे. स्टेडियम तिथून दिसत नसे, ऐकू येत असे. गोल झाला की आधी एक क्षणभर सगळे गप्प होई, आणि मग तो आवाज घरांच्या कौलांवरून लाटेसारखा यायचा. आरोळी कोणत्या बाजूच्या लोकांची आहे हे मला आवाजावरून ओळखता येत होते, असे मी भावाला सांगत असे आणि तो हसत असे. एकदा, मी सहावीत असताना, मलाही न्या म्हणून हट्ट धरला. ‘पोरींनी तिथं काय करायचं? गर्दी किती असती, तुला म्हाईत हाय का?’ अप्पा म्हणाले. आवाजात राग नव्हता. मला बाजारात नेऊन त्यांनी बर्फाचा गोळा घेऊन दिला, आणि तो गोळा मी खाल्ला, हे मला आजही थोडेसे लागते. वेळापत्रक पाठ असलेली, पण एकही सामना न पाहिलेली मी घरातली एकटीच होते.

म्हणून पहिल्या वर्षी, २०२२ च्या सप्टेंबरात, तिकिटाविना, कुणाला न विचारता, घडीची खुर्ची काखेत मारून मी मैदानाच्या कडेला जाऊन बसले, तेव्हा मला मुलाच्या खेळाची फारशी फिकीर नव्हती, हे मी कबूल केले पाहिजे. ती खुर्ची माझी होती. हिरवळ ओली होती, नुकत्याच मारलेल्या चुन्याच्या रेषा पांढऱ्याशुभ्र होत्या, आणि समोरच्या फलकावरचे घड्याळ पंचेचाळीस मिनिटांपासून खाली शून्याकडे उतरत होते. इथल्या कॉलेजच्या सामन्यांत घड्याळ असे उलटे चालते आणि शेवटची दहा सेकंदे ध्वनिक्षेपकावरून मोजतात. पहिल्यांदा ते मोजणे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. मुलगा त्या दिवशी एक मिनिटही खेळला नाही. पहिल्या वर्षी तो फारच थोडा खेळला.

ही गोष्ट कोणत्याही वेळापत्रकात छापलेली नसते. सामना कुणाशी, कुठे, किती वाजता हे सारे कळते. आपला मुलगा उतरेल की नाही हे नाही. तिसऱ्या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, तो नियमच आहे, आणि चारशेंहून अधिक कॉलेजांतली ही हजारो पोरे पहाटे सहाला सराव करून नऊच्या रसायनशास्त्राच्या तासाला ओल्या केसांनी बसतात ती कशासाठी, याचे सरळ उत्तर मला अजून मिळालेले नाही. राखीव खेळाडूंना इथे संधी जरा अधिक मिळते, कारण बदली खेळाडूंचे नियम सढळ आहेत. पण त्यातही मेख आहे. पहिल्या अर्धात बाहेर आलेला खेळाडू त्या अर्धात पुन्हा आत जाऊ शकत नाही. दुसऱ्या अर्धात एकदा जाऊ शकतो. त्यामुळे तिसाव्या मिनिटाच्या सुमारास बाकावरच्या पोरांच्या हालचाली बदलतात. कुणी मोजे वर ओढतो, कुणी उगाच रेषेलगत धावून येतो. माझा मुलगा तसे काही करत नाही. तो गुडघ्यांवर कोपरे टेकून बसतो आणि प्रशिक्षकाकडे मुळीच पाहत नाही. त्याचे हे न पाहणे मी पन्नास यार्डांवरून ओळखते. गेल्या वर्षी तो बहुतेक सामन्यांत वीस-पंचवीस मिनिटे खेळला आणि त्याने एक गोल केला, डोक्याने, पावसात, आपण तीन गोलांनी पुढे असताना. गोलरक्षकाच्या वडिलांच्या जमाखर्चात त्या गोलाची किंमत शून्य होती.

परगावच्या सामन्यांना जाणे मला घरच्या सामन्यांपेक्षा जास्त आवडते. लँकेस्टरला फ्रँकलिन अँड मार्शलच्या मैदानाकडे जाताना आमिश लोकांच्या घोडागाड्या रस्त्याच्या कडेने टकटक करत जातात आणि उघड्या काचेतून शेणखताचा असा सणसणीत वास येतो की मला एकदम गावाबाहेरची गुऱ्हाळे आठवतात, जरी त्या दोन वासांत काहीही साम्य नाही. आठवणीला वासाच्या जातीशी कर्तव्य नसावे. गेटिसबर्गला १८६३ च्या लढाईची स्मारके आणि तोफा थेट रस्त्यालगत उभ्या आहेत, आणि त्यांच्या मधून आमच्या गाड्या खेळाच्या पिशव्या आणि थंड पेट्या घेऊन जातात. मेरीलँडमध्ये चेस्टरटाऊनचा रस्ता सपाट, दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन. हॅव्हरफर्डला गेले की मला उगाच आदबीने वागावेसे वाटते, कारण १ एप्रिल १९०५ रोजी याच लहानशा कॉलेजच्या पोरांनी हार्वर्डला एका गोलाने हरवले आणि अमेरिकेतल्या आंतरकॉलेज फुटबॉलची, म्हणजे इथल्या भाषेत सॉकरची, सुरुवात त्या सामन्यापासून धरतात. २०२२ पासून नियमित मोसमात जादा वेळ खेळवत नाहीत, बरोबरी झाली की झाली, त्यामुळे परतीला अंधार पडण्यापूर्वी निघता येते. बरोबरीचे परतीचे प्रवास मात्र सर्वांत लांब वाटतात.

तर त्या दुपारी ती ओळ वाचून मी फ्रिजपाशी गेले आणि जुने तिन्ही कागद काढून टेबलावर शेजारी शेजारी मांडले. काय शोधत होते ते मला सांगता येणार नाही. कदाचित मी किती सामने चुकवले ते मोजायचे होते. पाहिलेल्या सामन्यावर मी पेन्सिलीने बारीक बरोबरची खूण करते. तीन वर्षांत न केलेल्या खुणा अकरा निघाल्या. पण नजर अडली ती दुसरीकडेच. २०२२ च्या कागदावर कॅब्रिनीशी घरी सामना होता, २०२३ च्या कागदावर कॅब्रिनीशीच त्यांच्या गावी, रॅडनॉरला. २०२४ च्या कागदावर ते नाव नाही. करारानुसार त्या वर्षी त्यांनी आमच्याकडे यायचे होते.

२०२३ च्या जूनमध्येच त्या विद्यापीठाने जाहीर केले होते की २०२३-२४ हे आपले शेवटचे वर्ष असेल, आणि पुढे ते आवार शेजारच्या व्हिलानोव्हाकडे जाईल. आम्ही सप्टेंबरात तिथे गेलो तेव्हा ही बातमी सगळ्यांना ठाऊक होती. झाडीतले सुरेख आवार, मैदानाभोवती उतरते ऊन, आणि त्यांची पोरे अशी धावत होती की आमच्या पोरांना चेंडू सापडेना. मध्यंतरात माझ्या शेजारी एक बाई येऊन उभी राहिली. तिचा मुलगा दुसऱ्या वर्षाला होता. पुढच्या वर्षी तो कुठे खेळणार, हे मी विचारायला नको होते, पण विचारून बसले. ती म्हणाली, तीन प्रशिक्षकांशी बोलणे चालू आहे, पण त्याला अजून कोणाच्याच जर्सीत स्वतःला पाहता येत नाही. मग तिने माझ्या डब्यातले मूठभर भडंग घेतले, ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आले, आणि आम्ही दोघी ते पाणी तिखटाचे आहे असे धरून चाललो. त्यांच्या फलकावर तेव्हाही उरलेल्या सामन्यांची यादी लावलेली होती, ऑक्टोबरपर्यंतची, व्यवस्थित, कॉन्फरन्सच्या सामन्यांपुढे चांदण्या काढलेली.

२०२४ साली त्या रिकाम्या तारखेला आमच्या प्रशिक्षकांनी तीन तासांवरचा एक संघ मिळवला. त्या सामन्यावर माझी बरोबरची खूण आहे. कोण जिंकले ते आठवत नाही.

अप्पा आता ८४ वर्षांचे आहेत आणि तेही वेळापत्रक ठेवतात. दर वर्षी मी फोनवर सामने सांगते आणि ते वहीत उतरवून घेतात, भारतीय वेळेनुसार, कारण कॉलेज आपले सामने इंटरनेटवर दाखवते. शनिवारचा दुपारी एकचा सामना कोल्हापुरात रात्री साडेदहाला, ते सोयीचे. बुधवारी संध्याकाळी सातचा सामना म्हणजे तिथे गुरुवारची पहाट, साडेचार. अप्पा उठतात. एकच कॅमेरा असतो, तो चेंडूमागे उशिरा वळतो, समालोचन करणारा विद्यार्थी आमचे आडनाव दर वेळी नव्या पद्धतीने उच्चारतो, पण अप्पा अंगावर शाल घेऊन पाहत राहतात आणि मध्यंतरात मला फोन करतात. ‘आत घेतलं की सांग,’ एवढेच म्हणतात. मी मैदानाच्या कडेला, ते पडद्यासमोर, आणि आत काय चालले आहे हे त्यांना कळवण्याचे काम पुन्हा माझ्याकडे. या अदलाबदलीविषयी आम्ही कधी बोललो नाही. एकदाच, २०२२ च्या डिसेंबरात, शिकागो विद्यापीठाच्या पुरुष संघाने विल्यम्सला दोन गोलांनी हरवून तिसऱ्या विभागाचे विजेतेपद मिळवले. त्या संघाच्या प्रशिक्षक तेव्हा ज्युलिएन सिच होत्या. पुरुषांच्या संघाला एनसीएए फुटबॉलचे विजेतेपद मिळवून देणारी ती पहिली स्त्री. मी ते अप्पांना मुद्दाम सांगितले, जरा जोर देऊनच. फोनवर थोडा वेळ पंख्याचा आवाज येत राहिला. मग ते म्हणाले, ‘गर्दी किती होती?’ हा प्रश्न त्यांनी सहज विचारला की चाळीस वर्षांपूर्वीचे काही त्यांनाही आठवत होते, याचा मी अजून अंदाज बांधते आहे.

मुलाच्या त्या ओळीचेही तसेच झाले. कधी वाटले, शेवटच्या वर्षीही आपण बाकावरच बसणार अशी त्याला शंका असावी आणि दोन-दोन तास गाडी हाकून मी त्याचे बसणे पाहू नये, असे त्याला वाटत असावे. कधी वाटले, रेषेबाहेरची माझी खुर्ची त्याच्या मानेवर बसते आहे. आणि एका रात्री, झोप येत नसताना, निव्वळ माझा गुडघा दुखतो म्हणून त्याने ते लिहिले असेल, असेही वाटले. त्याच आठवड्यात मी जिन्यावर थांबले होते आणि ते त्याने पाहिले होते. त्याला विचारणे सोपे होते. मी विचारले नाही, उत्तरही लिहिले नाही. तो खाली जेवायला आला की आम्ही आमटीविषयी बोलत होतो.

ऑगस्टच्या मध्यावर तो मोसमपूर्व सरावासाठी निघाला. गाडीत पिशवी, दोन जोड्या बूट, त्यांतल्या एकाच्या तळाला गेल्या वर्षीची वाळलेली माती. चौथा कागद मी आदल्या दिवशीच लावला होता, कोरा, एकही खूण नसलेला. पाण्याची बाटली भरताना तो त्याच्यासमोर उभा राहिला आणि त्याने वरपासून खालपर्यंत तो वाचला, जणू पहिल्यांदाच पाहत होता. मग भडंगाचा डबा काखेत घेऊन झाकण दाबून पाहत म्हणाला, ‘गेटिसबर्गला जास्त आण. तिथं मॅचनंतर काही मिळत नाही.’

आम्ही कोल्हापूरच्या बायका बोलताना पुरुषांसारखेच बोलतो. लिहिताना मात्र मी शिस्तीने ‘येते’ लिहिते. ‘येतो की,’ मी म्हणाले. तोवर त्याने गाडीची डिकी लावलीही होती.